त्यापेक्षा कॅन्सर बरा

माणूस आजारी पडला की गाव त्याला भेटायला येतं, आणि कॅन्सर झाला की बघायला येतं. वेळशेतात अंबिकाने हे दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, शरच्चंद्राच्या जिभेला एका बाजूने फोड आला, तो चिघळला, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अर्धी जीभ नि जबड्याचा तुकडा काढून टाकावा लागला. वर किरणांचे शेक झाले, औषधाच्या बाटल्या शिरेतून झाल्या. मग त्याला मुरूडच्या अलीकडच्या या समुद्रकाठच्या गावात परत आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात चपलांचा ढीग पडायला लागला.

आलेले तिचे पोहे खायचे, चहा प्यायचे आणि आपापल्या घरातल्या मेलेल्यांच्या गोष्टी सांगायचे. कोणाचा मामा कसा कुजून गेला, कोणाच्या सासऱ्याच्या गालाला कसं भोक पडलं. एक जण तर म्हणाला, "जरा तोंड उघडा बघू, कुठवर कापलंय?" अंबिकाला वाटलं, आता हा माणूस थोबाडीत खाणार. पण शरच्चंद्राने तोंड उघडलं. हौसेने उघडलं आणि खिडकीकडे मान वळवली, म्हणजे उजेड नीट पडावा.

फोड काही आभाळातून पडला नव्हता. घरची बाग होती, नारळ आणि सुपारी. अलिबागच्या बँकेत नोकरी करतानाही शरच्चंद्राच्या खिशात घरची सुपारी असायची, स्वतः अडकित्त्याने कातरलेली, तंबाखूची चिमूट लावलेली. अंबिकाने चाळीस वर्षं त्याच्या शर्टांचे लाल डाग काढले होते. ऑपरेशननंतर ते सगळं सुटलं, आणि सुटलं याचंही कौतुक झालं. अलिबागच्या कुठल्याशा मंडळाने त्याला शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, "कर्करोगावर मात करणारे" म्हणून. तो भाषणाला उभा राहिला. अर्ध्या जिभेचं बोलणं कोणाला कळणार? ते फक्त अंबिकाला कळायचं. ती शेजारी उभी राहून त्याचं एकेक वाक्य लोकांना सांगत होती, आणि जिथे ते फार फुशारकीचं व्हायचं तिथे जरा तासून गुळगुळीत करून सांगत होती.

त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा आता मिटत नसे. लाळ सतत गळायची. गळ्याशी रुमाल बांधायचा, तो भिजला की दुसरा. जेवण मऊ करून चमच्याने भरवायचं, मग बोटाला कापड गुंडाळून आतला राहिलेला घास काढायचा. वास यायचा. नातेवाईक दोन हात लांब बसायचे आणि बायका पदर नाकाला लावायच्या. अंबिकाला मात्र त्या तोंडाची कधी किळस आली नाही. पोराची शी काढताना आईला येते का किळस? तसंच.

मग यंदा दिवाळीनंतर शरच्चंद्र पुन्हा वाळायला लागला. संध्याकाळी अंगात कसकस, रात्री घामाने उशी भिजलेली, खोकला, आणि मानेवर डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. ती बघून कोणी डॉक्टरकडे चला म्हटलं नाही. सगळ्यांनी बसल्या जागी ठरवलं, परत आला.

सगळ्यांत आधी ठरवलं ते दयारामभाऊजींनी. दयाराम म्हणजे शरच्चंद्राचा थोरला भाऊ. एकाच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहणारा, बायको वारलेली, सोमेश्वराच्या देवळाचा विश्वस्त आणि गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता याला सुया टोचून हाल करू नका. लोखंड लागलं की तो आणखी पसरतो. याची एक इच्छा आहे, तेवढी पुरी करू."

इच्छा होती उत्सवाच्या पाळीची. सोमेश्वराचा चैत्रातला उत्सव गावातली अठरा घरं पाळीपाळीने करतात, म्हणजे एका घराकडे तो अठरा वर्षांनी येतो. ज्याची पाळी तो यजमान. तो गाभाऱ्यात अभिषेकाला बसणार, त्या वर्षी लग्न झालेली गावातली जोडपी त्याच्या मागे बसणार, आणि त्याच्या घरच्या हातचं जेवण सगळं गाव जेवणार. मागच्या पाळीला दयाराम बसला होता आणि यंदाही थोरला म्हणून त्याचाच हक्क होता. पण त्याने तो मरणाऱ्या भावाला दिला. गावाने दयारामाला डोक्यावर घेतलं. भाऊ असावा तर असा, असं जो तो म्हणाला. शरच्चंद्रही मोठ्या मानाने मरायला तयार झाला.

तयार नव्हती ती अंबिका. तिने पुण्याच्या मुलीला, मृणालला, फोन केला, मृणालने मुंबईची तारीख घेतली, आणि अंबिका दोन्ही भावांना जवळजवळ ओढत घेऊन गेली. तिथे गाठीतून सुईने पाणी काढलं, छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि त्या चक्क हसल्या.

"हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "टीबी आहे. गाठीत आहे आणि फुप्फुसातही आहे."

अंबिकाला आधी समजेचना. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. टीबीचे जंतू कधीकाळी अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं निजून राहतात. कॅन्सरच्या औषधांनी, शेकांनी, नीट न जेवल्याने शरीर खचलं की ते उठतात. तोंडाच्या नि घशाच्या रोग्यांत असं होतं, आणि गाठ दिसली की घरचे कॅन्सर परत आला समजून हातपाय गाळतात. "सहा महिने गोळ्या. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. बरे होतील हे," त्या म्हणाल्या. भांडीकुंडी वेगळी करण्यात काही अर्थ नाही, हा हवेतून पसरतो. बंद खोलीत खोकला की शेजारच्याला धोका, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, तोंडाला मास्क, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. गोळ्या गिळता येत नसतील तर पाण्यात विरघळवून द्या. लघवी नि लाळ नारिंगी लाल होईल, घाबरू नका.

अंबिकाने त्या बाईंना तिथल्या तिथे हात जोडले. दोन महिने ती मनातल्या मनात विधवा झाली होती, आणि आता तिचा नवरा तिला परत मिळाला होता.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत बसले तेव्हा ती वरच्या डेकवर चहा घेऊन आली. दोघे भाऊ स्मशानातून परतल्यासारखे बसले होते.

"मांडव्याला उतरलो की पेढे घेऊ," ती म्हणाली.

दयारामाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कशाचे पेढे? क्षय झालाय म्हणून? अंबिका, अगं आपल्या घरात हा रोग? तो खडी फोडणाऱ्यांना होतो, झोपड्यांतल्यांना होतो."

"भाऊजी, ते बरे होणार आहेत."

"ते झालंच. पण उत्सव महिन्यावर आलाय. क्षयाच्या घरचं गाव जेवेल? कोणाला एक अक्षर बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, कॅन्सर परत आलाय, डॉक्टरांनी हात टेकले."

अंबिकाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा तरी चिडेल. जिवंत माणसाला मेला म्हणून सांगायचं म्हणजे काय? शरच्चंद्राने रुमालाने हनुवटी टिपली आणि त्याच्या त्या पिचक्या बोलण्यात म्हणाला, "दादा बरोबर बोलतोय."

अंबिकाला हातातला चहा नकोसा झाला. तिने चहा समुद्रात ओतला. बोट हलतेय म्हणून झालं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते वरून कीर्तन, आतून तमाशा, या जातीचं होतं. दयारामाने शरच्चंद्राची चांदीची वाटी आणि ताट उचलून कपाटात ठेवलं आणि त्याला बागेतल्या गड्यांची जर्मनची, ॲल्युमिनियमची ताटली आणून दिली. ती राखेने वेगळी घासायची, वेगळी पालथी घालायची. पेला वेगळा, तांब्या वेगळा, चमच्याला लाल दोरा. आणि खिडक्या? खिडक्या सगळ्या बंद. का, तर खोकला रस्त्यावर ऐकू जाऊ नये. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट. त्या कोंदट खोलीत संध्याकाळी दयाराम भावाशी पत्ते खेळायला बसायचा, स्वतःचा कप मात्र खबरदारी म्हणून घरून घेऊन यायचा. उत्सवासाठी नव्या मुंबईहून आलेला त्याचा मुलगा यशोधन आणि नवी सून अनुयाही डाव मांडायला यायची.

"भाऊजी, खिडकी उघडते," अंबिका म्हणायची.

"राहू दे. वारं आत येतं, पत्ते उडतात."

आरोग्य केंद्रातून कोकिळा आली, आशाताई, कोळीवाड्यातली. घरातल्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं होतं. दयारामाने तिला पायरीवरूनच थांबवलं. "ए बाई, मोठ्याने बोलू नको. आमच्याकडे कोणाला काही झालेलं नाही."

"तसा न्हाय चालत, काका. नाव लागलाय तुमच्या घराचा," कोकिळा म्हणाली. "मी गोल्या घेऊन येते ना, मंग सगल्यांचा बेडका पन..."

"गोळ्या मीच आणीन केंद्रावरून. तू या घरात पाऊल टाकायचं नाहीस. उत्सव झाला की बघू."

कोकिळा वैतागून निघून गेली. तिला काय, दहा घरं आणखी होती. आणि तेव्हापासून गोळ्या दयारामाच्या ताब्यात आल्या. "सकाळी मीच देत जाईन त्याला. तू स्वयंपाकाचं बघ, तुझ्यावर दोनशे पानांची जबाबदारी आहे," तो म्हणाला. अंबिकाला तेव्हा बरंच वाटलं. भावाची माया, म्हणाली.

पहिल्या आठवड्यात लाळ खरोखरच नारिंगी झाली. रुमाल धुताना बादलीतलं पाणी तांबूस व्हायचं आणि अंबिका ते पाणी बघून सुखावायची. औषध अंगात फिरतंय म्हणायची. तापही उतरायला लागला. शरच्चंद्र भात थोडा जास्त खायला लागला.

मग एक दिवस देवळाची वर्गणी घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनी शरच्चंद्राच्या हनुवटीवरचा ओघळ पाहिला आणि डोळे मोठे केले. "काय हो, परत पान सुरू केलंत? एवढं सगळं होऊन? जित्याची खोड म्हणतात ती हीच!"

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. सत्काराची शाल पांघरलेला माणूस चोरून पान खातो! शरच्चंद्र रात्रभर तळमळला. कॅन्सर परत आल्याचं त्याला काही वाटत नव्हतं, उलट त्यात मान होता. पण गावाने पानखाऊ म्हणावं? नाही खाल्लं म्हणून सांगावं तर लाल ओघळ कशाचा ते सांगावं लागणार. शिवाय उत्सवाला पांढराशुभ्र रेशमी कद नेसून बसायचं, आणि त्यावर सगळ्या गावादेखत तो रंग ठिबकणार.

हे सगळं अंबिकाला नंतर उमगलं. उमगलं ते उत्सवाच्या आदल्या सकाळी, विहिरीवर. तिने रुमाल पाण्यात टाकले, चोळले, पिळले, आणि पाणी स्वच्छ. तिने आदल्या दिवशीचे आठवले. त्याच्या आदल्या दिवशीचेही पांढरेच होते. कामाच्या धबडग्यात तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ओल्या हातांनीच ती दयारामाच्या खोलीत गेली आणि त्याच्या टेबलाचा खण ओढला. दोन आठवड्यांच्या गोळ्यांची पाकिटं आत होती, न फोडलेली.

मागून दयाराम आला. तो ओशाळला नाही की गडबडला नाही. "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं," तो म्हणाला. "उत्सवापुरत्या थांबवल्या. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"दोन आठवडे झाले भाऊजी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मध्येच सोडलं तर पुढे औषध लागूही पडत नाही. मरतील ते!"

"अगं, मरणार म्हणून तर सगळं गाव धरून चाललंय."

हे तो अगदी सहज बोलला. ती नवऱ्याकडे धावली. शरच्चंद्र आरशासमोर बसून दाढीचे पांढरे खुंट तपासत होता. खोकला परत आला होता, आता त्यात घरघर होती.

"तुम्ही गोळ्या सोडल्यात?"

त्याने मान हलवली.

"का?"

"एक दिवस," तो म्हणाला. "उद्याचा एक दिवस मला मिरवू दे."

"अहो, उद्या गाभाऱ्यात आपली अनुया बसणार तुमच्या मागे, ती बाकीची पोरं-पोरी बसणार. दार बंद असतं. तुम्ही खोकणार. त्यांना लागण झाली म्हणजे?"

शरच्चंद्राने खांदे उडवले. "देवाच्या दारात काही होत नाही."

अंबिकाने ज्या माणसाच्या तोंडातला घास बोटाने काढला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. कापलेला जबडा, गळणारी लाळ, त्यातलं काहीच तिला ओंगळ वाटलं नव्हतं. ओंगळ हे होतं. हे खांदे उडवणं. अन्नावर बसलेली घोंघावती माशी बघून यावी तशी शिसारी तिच्या अंगावर आली. ती विहिरीवर परत गेली आणि रुमाल वाळत घातले. दिवसभर तिने खोबरं खवलं, अळूची पानं चिरली, बायकांना डाळ मोजून दिली. कोणी विचारलं, "वहिनी, गप्प गप्प का?" तर तिच्याऐवजी दुसरीच उत्तर द्यायची, "अगं, नवऱ्याची शेवटची पाळी. तिच्या जिवाला काय होत असेल!"

सोमेश्वराचा गाभारा चार पायऱ्या खाली आहे. खिडकी नाही, झरोका नाही, एकच ठेंगणं दार. चैत्रात दिवस वर आला की समुद्रावरून वारा सुटतो आणि समया विझवतो, म्हणून अभिषेकाला दार ओढून घ्यायची वहिवाट आहे. आत गुरुजी, त्यांचे दोन साथीदार, यजमान आणि मागे नवी जोडपी. एकादष्णी, म्हणजे रुद्राची अकरा आवर्तनं, संपेपर्यंत दार उघडायचं नाही.

शरच्चंद्र पांढरा कद नेसून आला तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, हळूहळू, प्रत्येकाकडे बघून. मास्क नव्हताच. हातात घडी केलेला रुमाल होता. तो पायऱ्या उतरला, त्याच्या मागे जोडपी उतरली, शेवटची अनुया, शालू सावरत, यशोधनचा हात धरून. बाहेर सभामंडपात दयाराम विश्वस्तांबरोबर उभा होता. मागच्या पडवीत अंबिकाच्या हातच्या आमटीचे, भाताचे, खिरीचे टोप वाफाळत होते.

आत गुरुजींनी शरच्चंद्राच्या नावाने संकल्प सोडला, आणि मग खोकला ऐकू आला. एकदा, मग सलग. मग गुरुजींचा आवाज आला, "दार ओढून घ्या रे, समया फडफडतायत."

सभामंडपात बायकांमध्ये बसलेल्या अंबिकाला आपण उठलो कधी ते कळलं नाही. तिने दाराच्या फळीवर हात ठेवला.

"दार लावू नका," ती म्हणाली. "यांना कॅन्सर झालेला नाही. यांना टीबी झालाय, छातीचा. औषध घेतलं तर बरे होतील, पण दोन आठवडे या दोघा भावांनी औषध बंद ठेवलंय. बंद दारात खोकले तर या पोरांना होईल. सगळे वर या."

दयाराम पुढे धावला. "तिच्या मनावर परिणाम झालाय! नवरा जातोय, डोकं फिरलंय तिचं. शरद, तू सांग. तूच सांग सगळ्यांना!"

शरच्चंद्र पायरीवर चढून आला. संतापाने त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. तो बोलला, बराच वेळ बोलला, आणि कोणाला काही म्हणजे काही कळलं नाही. मग सवयीने सगळ्या गावाच्या माना अंबिकाकडे वळल्या, काय म्हणाले ते सांग म्हणून. शरच्चंद्रही तिच्याकडेच बघत होता. आजवर तिने त्याचं बोलणं तासून गुळगुळीत केलं होतं. आज तिने जसंच्या तसं सांगितलं.

"ते म्हणतायत, ही बायको खोटारडी आहे. मला कॅन्सरच झालाय, आणि हिला माझा मान बघवत नाही."

लोक गोंधळले. कोणाचं खरं मानायचं? शरच्चंद्राला आणखी बोलायचं होतं, पण खोकल्याची मोठी उबळ आली. तो दाराला धरून वाकला, रुमाल कुठे होता कोण जाणे, आणि पिवळट बेडक्याचा गोळा त्याच्या पांढऱ्या कदावर पडला. त्यात रक्ताची रेघ होती. एवढं मात्र कोणी सांगायची गरज पडली नाही.

मग जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. जोडपी धडाधड वर आली. एका सासूने सुनेच्या अंगावरचा शालू तिथेच सोडवून घेतला. कोणी गोमूत्र आणा म्हणून ओरडलं, कोणी फिनेल. कालपर्यंत ज्याच्या पाया पडत होते त्या शरच्चंद्राच्या भोवती माणसांचं एवढं मोठं रिंगण रिकामं झालं. आणि मग कोणाला तरी जेवण आठवलं.

"अन्नातून होत नाही तो!" अंबिका ओरडत होती. "अन्नाला काही झालेलं नाही. तपासून घ्या, तुम्ही सगळे तपासून घ्या, केंद्रावर फुकट तपासतात!"

तपासणीचं कोणीही विचारलं नाही. चार गडी बोलावले, टोप दांडीला लावून खाडीकडे नेले, आणि दोनशे माणसांचा भात, आमटी, अळूची भाजी, गूळ घालून आटवलेली खीर चिखलात ओतली. भांड्यांना हात लागला म्हणून गड्यांना खाडीत बुडी मारायला लावली. मग गाभाऱ्यात गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पाणी शिंपडलं. विश्वस्तांनी चार मिनिटं कुजबुज केली आणि ठरवलं की पाळी मोडायची नाही, थोरला भाऊ आहे, त्याने बसावं. महिनाभर रोज संध्याकाळी त्या बंद खोलीत भावासमोर पत्ते कुटत बसलेला दयाराम डोक्यावरून दोन तांबे ओतून घेऊन आला आणि पायऱ्या उतरला. त्याच्या मागे जोडपी पुन्हा उतरली, कारण आता सगळं शुद्ध झालं होतं. अनुया तेवढी थांबली. "मला मळमळतंय," म्हणाली आणि उन्हात जाऊन उभी राहिली. बाकीचे आत गेले आणि वारा लागतो म्हणून दार ओढून घेतलं.

अंबिका नवऱ्याला घेऊन घरी आली. वाटेत दारं लागत गेली. घरी आल्यावर तिने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, दयारामाच्या खोलीतून पाकिटं आणली, आणि गोळ्या वाटीत पाण्यात टाकून विरघळवत बसली. शरच्चंद्र कद न सोडता तसाच खुर्चीत बसला होता.

"तोंड उघडा."

त्याने ओठ आवळले, म्हणजे जेवढे आवळता येत होते तेवढे. मग म्हणाला, "त्यापेक्षा कॅन्सर बरा होता."

"हो. सगळ्यांना तोच बरा वाटत होता. उघडा."

ती चमचा धरून बसून राहिली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर दोघी बायका घराकडे बोट दाखवून लगबगीने पलीकडच्या कडेने चालल्या होत्या. आता लपवायचं असं काही राहिलंच नव्हतं, ना लाळेचा रंग, ना खोकला. हळूहळू त्याचं तोंड उघडलं. पण चमचा आत जायच्या आधी त्याने तिचा हात धरला.

"पाळी कोणाच्या नावावर लागली?" त्याने विचारलं. "मी पायऱ्या उतरलो होतो. संकल्प माझ्या नावाने सुटला होता. की दादाच्या नावाने धरतील?"

आत बसलेल्या पोरांचं काय झालं, दादाने तपासून घेतलं का, अन्नाचं काय केलं, यातलं काही नाही. अंबिकाने त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला ते पाहवेना.

"भाऊजींच्या नावाने," ती म्हणाली. "तुमची पाळी आता अठरा वर्षांनी. तोवर जगायचं असेल तर गिळा."

तो घाईघाईने गिळायला लागला. वाटी संपेपर्यंत तिने चमच्यामागून चमचा घातला, वाटी खाली ठेवली, मागच्या दारी गेली आणि माडाच्या आळ्यात भडाभडा ओकली. मग चूळ भरून आत आली आणि खाडीवरून परत आलेले टोप घासायला बसली.